कोंबडीच्या अंड्यांची घरगुती उबवण

कोंबडीची फलित अंडी खुडूक कोंबडीखाली न ठेवता लहान यंत्रात किंवा पेटीत कृत्रिम उष्णता देऊन त्यांतून पिल्ले काढण्याच्या क्रियेस घरगुती उबवण म्हणतात. या क्रियेस २१ दिवस लागतात. तापमान, आर्द्रता, खेळती हवा आणि अंडी फिरवणे यांवर तिचे यश अवलंबून असते. त्यांपैकी तापमानाकडे सर्वांचेच लक्ष असते. आर्द्रतेचा विचार मात्र पेटीत पाण्याची वाटी ठेवण्यापलीकडे सहसा जात नाही. पूर्ण वाढ झालेली पिल्ले शेवटच्या दोन-तीन दिवसांत कवचातच मरतात, त्याचे कारण पुष्कळदा येथे सापडते.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रातील खेड्यांत खुडूक कोंबडीला टोपलीत दहा-बारा अंड्यांवर बसवण्याची रीत जुनी आहे. कोंबडी अंडी चोचीने सारखी उलटवते, दिवसातून थोडा वेळ दाणापाण्यासाठी उठते आणि पुन्हा येऊन बसते. यंत्राने जे करायचे ते हेच. इजिप्तमध्ये मातीच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवण्याची कला प्राचीन काळापासून होती. तेथील कारागीर अंडे पापणीला लावून त्याची ऊब जोखत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने या विषयाचा अभ्यास करून १७४९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला व पापणीच्या जागी तापमापक आणला.

तापमान

पंखा असलेल्या यंत्रात हवा सर्वत्र सारखी तापते, तेथे ३७.५° से. तापमान ठेवतात. पंखा नसलेल्या पेटीत, म्हणजे खोक्यात विजेचा दिवा लावून केलेल्या घरगुती पेटीतही, गरम हवा वर व थंड हवा खाली असे थर पडतात. अशा पेटीत अंड्यांच्या वरच्या पृष्ठभागाच्या पातळीवर सुमारे ३८.५° से. तापमान लागते. तापमापक पेटीच्या झाकणाला किंवा तळाला लावल्यास त्याच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

थंडीपेक्षा जादा उष्णता अधिक घातक असते. तापमान काही तास ३२° से. पर्यंत उतरल्यास गर्भाची वाढ मंदावते, परंतु ४०.५° से. तापमान अर्धा तास टिकले तरी गर्भाला गंभीर इजा होऊ शकते. तापमान सतत थोडे कमी राहिल्यास पिल्ले २१ व्या दिवसानंतर निघतात व अशक्त असतात. थोडे जास्त राहिल्यास ती लवकर निघतात आणि पुष्कळांची बेंबी नीट मिटलेली नसते. पेटीत थंड अंडी ठेवताच तापमापक खाली येतो. अशा वेळी घाईने थर्मोस्टॅट वाढवणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे. अंडी तापली की तोच वाढवलेला आकडा त्यांना भाजतो. पेटी रिकामी असताना एक दिवस चालवून स्थिर करावी आणि मगच अंडी ठेवावीत. तापमापकाची खात्री करण्यास घरातील डिजिटल ज्वरमापक पुरेसा आहे. कोमट पाण्यात दोन्ही एकत्र धरून ३७-३८° से. च्या आसपास फरक पाहावा.

दुसऱ्या आठवड्यानंतर वाढता गर्भ स्वतः उष्णता निर्माण करू लागतो. त्यामुळे भरलेल्या पेटीचे तापमान या काळात आपोआप चढते व थर्मोस्टॅट थोडा उतरवावा लागतो.

आर्द्रता

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जाते आणि अंड्याच्या रुंद टोकाशी असलेली हवेची पोकळी वाढत जाते. पिल्लू कवच फोडण्यापूर्वी या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेते. हवा फार दमट असेल तर पाणी पुरेसे उडत नाही, पोकळी लहान राहते आणि फुगलेले पिल्लू आतील द्रवात गुदमरते. हवा फार कोरडी असेल तर पोकळी अवाजवी मोठी होते व पिल्लू पापुद्र्याला चिकटून बसते.

पहिल्या १८ दिवसांत ५० ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता ठेवावी असे सांगितले जाते. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाने मोजल्यास, पेटीत ३७.५° से. असताना ओला तापमापक सुमारे २९° से. दाखवतो. हा आकडा मार्गदर्शक आहे, अंतिम नाही. स्वस्त आर्द्रतामापक पुष्कळ चुकतात. ओलसर मिठासह बंद डब्यात ठेवलेल्या मापकाने काही तासांनी ७५ टक्के दाखवले पाहिजेत; जो फरक येईल तो लक्षात ठेवावा.

अधिक भरवशाचा उपाय म्हणजे अंडी तोलणे. १८ दिवसांत अंड्याच्या वजनाची सुमारे १२ टक्के घट होणे योग्य मानतात. एकेका गावठी अंड्यातील घट स्वयंपाकघरातील काट्यावर नीट कळत नाही. म्हणून दहा अंड्यांवर पेन्सिलीने खूण करून ती एकत्र तोलावीत. त्यांचे वजन आरंभी ४०० ग्रॅम असेल तर सहाव्या दिवशी ३८४, बाराव्या दिवशी ३६८ आणि अठराव्या दिवशी ३५२ ग्रॅमच्या जवळ असावे. वजन याहून जास्त राहिले तर पाणी कमी करावे. कमी भरले तर वाढवावे. पाणी वाढवणे म्हणजे भांडे खोल करणे नव्हे. वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून निघते, म्हणून पसरट थाळी ठेवावी.

बाहेरची हवा पेटीत येऊन तापली की तिची सापेक्ष आर्द्रता बदलते, ही गोष्ट महाराष्ट्रात विशेष महत्त्वाची आहे. कोकणात पावसाळ्यात २७° से. व ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३७.५° से. ला तापवल्यास आर्द्रता ४७ टक्क्यांच्या आसपास येते. तेथे पहिले १८ दिवस पाणी जवळजवळ लागतच नाही. हिवाळ्यात पठारावरील २०° से. व ४५ टक्के आर्द्रतेची हवा त्याच पेटीत १६ टक्क्यांपर्यंत उतरते. एका गावची वाटी दुसऱ्या गावी चालत नाही, ती यामुळे. विदर्भातील मे महिन्यात अडचण वेगळीच असते. खोलीच ४२° से. वर गेली तर पेटीला थंड करण्याचे साधन नसते. अशा दिवसांत अंडी न बसवणेच शहाणपणाचे.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवतात. त्यानंतर फिरवणे थांबवून आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर नेतात, म्हणजे ओला तापमापक ३२° से. च्या जवळ येतो. कवचाला पहिले भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर येण्यास बारा ते चोवीस तास लागू शकतात. या अवधीत झाकण उघडल्यास दमट हवा निघून जाते आणि भोकाभोवतीचा पापुद्रा वाळून पिल्लाला आवळतो. मदतीच्या इच्छेने उघडलेले झाकण बाकीच्या अंड्यांना महागात पडते. आर्द्रता राखण्यासाठी पेटीची हवेची छिद्रे बुजवणे हीही चूकच. प्राणवायूची गरज याच दिवसांत सर्वाधिक असते. निघालेले पिल्लू शरीरात ओढून घेतलेल्या बलकावर एक-दोन दिवस सहज राहते, म्हणून ते पूर्ण वाळेपर्यंत पेटीतच असू द्यावे.

वीज गेल्यास

भारनियमनाच्या वेळी पेटी न उघडता गोधडीने झाकावी. हवेची छिद्रे मात्र मोकळी ठेवावीत. खंड लांबल्यास गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवतात, परंतु त्या अंड्यांना टेकू देऊ नयेत. तास-दोन तासांच्या खंडाने अंडी फेकून देण्याचे कारण नाही. काही दिवसांनी ती अंधारात दिव्यासमोर धरून रक्तवाहिन्या व हालचाल पाहावी.

न फुटलेल्या अंड्यांची तपासणी

बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी फोडून पाहिल्यास पुढच्या खेपेची दिशा कळते. पहिल्या आठवड्यातच गर्भ मेलेला असेल तर अंडी जुनी होती किंवा तापमान चुकले, असा संशय घ्यावा. पूर्ण वाढलेले पिल्लू ओलेचिंब व पोकळी लहान असेल तर आर्द्रता जास्त होती; पापुद्रा पिल्लाला वाळून चिकटला असेल तर ती कमी होती, किंवा शेवटी झाकण उघडले गेले. तोललेल्या वजनांची नोंद शेजारी ठेवली म्हणजे या दोहोंपैकी काय घडले ते ठरवणे सोपे जाते.