एकगठ्ठा दक्षिण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्षाची निवड देशभरच्या मतांच्या बेरजेवर होत नाही. काँग्रेसमध्ये ज्या राज्याचे जितके सभासद, तितके निर्वाचक त्याच्या वाट्याला येतात आणि बहुतेक राज्यांत अधिक मते मिळविणारा उमेदवार ते सर्वच्या सर्व घेऊन जातो. अशा व्यवस्थेत एखादा प्रदेश पिढ्यान्‌पिढ्या एकाच पक्षामागे उभा राहिला, तर त्याचे वजन त्याच्या मतदारांच्या संख्येहून कितीतरी अधिक भरते. यादवी युद्धात पराभूत झालेल्या दक्षिणेकडील अकरा राज्यांचा इतिहास याची साक्ष देतो.

१८७६ च्या निवडणुकीत टिल्डन यांना अधिक मते पडली होती. परंतु वादग्रस्त निर्वाचकांचा निकाल लागून हेस १८५ विरुद्ध १८४ असे विजयी ठरले. पुढच्याच वर्षी दक्षिणेतील रिपब्लिकन सरकारांच्या पाठीशी असलेला केंद्राचा लष्करी आधार निघून गेला. त्यानंतर १८८० पासून १९१६ पर्यंतच्या दहाही निवडणुकांत ही अकरा राज्ये डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या पारड्यात पडली. लिंकनचा पक्ष म्हणजे आपल्या घरादाराची राखरांगोळी करणारा पक्ष, ही भावना गोऱ्या घरांत बापाकडून मुलाकडे वारशाने जात असे.

तथापि केवळ भावनेने इतका कडेकोट गठ्ठा बांधला जात नाही. तो बांधण्यासाठी कायद्याचा दोर वापरण्यात आला. मिसिसिपीने १८९० साली नवी राज्यघटना करून मतदानावर कर आणि वाचनाची परीक्षा लादली. इतर राज्यांनी तोच कित्ता गिरविला. लुइझियानात १८९६ साली १ लक्ष ३० हजारांहून अधिक कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. १९०४ साली ती जेमतेम तेराशेंवर आली. कराचा फटका गरीब गोऱ्यांनाही बसला, पण त्याची फारशी खंत कोणास वाटली नाही.

येथे हिशेबाची एक विलक्षण तऱ्हा ध्यानात घेतली पाहिजे. गुलामगिरीच्या काळात प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलामांची मोजणी तीन माणसे म्हणून होत असे. गुलामगिरी गेल्यावर प्रत्येक जण पुरता एक म्हणून मोजला जाऊ लागला. दक्षिणेचे प्रतिनिधी त्यामुळे वाढले आणि ज्यांच्या शिरगणतीवर ते वाढले, त्यांचे मत मात्र काढून घेण्यात आले. मत नाकारणाऱ्या राज्याचे प्रतिनिधी कमी करावेत, असे चौदाव्या घटनादुरुस्तीत स्पष्ट लिहिलेले आहे. ते कलम कधीच अंमलात आले नाही. १९४० साली साउथ कॅरोलिनाची लोकसंख्या सुमारे १९ लक्ष आणि कनेक्टिकटची १७ लक्ष होती. दोहोंना आठ-आठ निर्वाचक होते. त्या वर्षी कनेक्टिकटात पावणेआठ लक्षांहून अधिक लोकांनी मत दिले. साउथ कॅरोलिनात एक लक्षही नाही. न विचारलेल्या माणसांचे वजन असे न विचारणाऱ्यांच्या तराजूत पडत होते. काँग्रेसमध्ये तर पुन्हापुन्हा निवडून येणारे दक्षिणी सभासद ज्येष्ठतेच्या नियमाने समित्यांचे अध्यक्ष होत आणि नको ते विधेयक दडपून ठेवीत.

हा गठ्ठा सैल करण्यास मोठा हातभार लावला तो दक्षिण सोडून गेलेल्यांनी. पहिल्या महायुद्धापासून लाखो कृष्णवर्णीय शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे निघाले. तेथे मत देता येत होते. १९२८ साली शिकागोने ऑस्कर डी प्रीस्ट यांना निवडून दिले. १९०१ नंतर काँग्रेसमध्ये पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय. १९३६ साली हे मतदार लिंकनचा पक्ष सोडून रूझवेल्टकडे वळले. आता एकाच पक्षाच्या छत्राखाली पीडित आणि पीडक दोघेही आले. ट्रूमननी १९४८ साली सैन्यातील वर्णभेद मोडण्याचा हुकूम काढला. त्याच निवडणुकीत चार दक्षिणी राज्ये थर्मंड यांच्या मागे फुटून गेली.

१९६० च्या ऑक्टोबरमध्ये मार्टिन ल्यूथर किंग जॉर्जियात तुरुंगात होते. केनेडींनी त्यांच्या पत्नीस दूरध्वनी करून धीर दिला. किंग यांचे वडील अटलांटाच्या एबनेझर चर्चचे धर्मोपदेशक. तोवर निक्सनच्या बाजूस असलेल्या त्या वृद्धाने केनेडींना जाहीर पाठिंबा दिला. इलिनॉय राज्य केनेडींनी नऊ हजारांहूनही कमी मतांनी जिंकले.

१९६४ चा नागरी हक्कांचा कायदा संमत करवून घेतला तो जॉन्सन यांनी, स्वतः टेक्सासच्या माणसाने. त्याविरुद्ध मत देणाऱ्या गोल्डवॉटर यांना मिसिसिपीत शेकडा ८७ मते पडली. १८७२ नंतर ते राज्य रिपब्लिकन पक्षाकडे प्रथमच गेले. जॉर्जियाने तर त्या पक्षास तोवर कधीच कौल दिला नव्हता. १९७२ साली अकराही राज्ये निक्सनच्या मागे उभी राहिली. गठ्ठ्याची बाजू पालटली होती. परंतु १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने त्याच राज्यांत दुसरे मतदारही उभे केले: मिसिसिपीत नोंदलेल्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा सातच्या आत होते, ते दोन वर्षांत साठाच्या घरात गेले.

जॉर्जियात २०२० साली बायडेन ११,७७९ मतांनी विजयी झाले आणि २०२४ साली ते राज्य पुन्हा ट्रम्प यांच्याकडे गेले. मधल्या काळात, २०२१ च्या जानेवारीत, जॉर्जियाने राफेल वॉरनॉक यांना सिनेटवर पाठविले. ते त्याच एबनेझर चर्चचे धर्मोपदेशक.