परक्या आज्ञेनें हलणारे स्नायू

इ. स. १७४७ च्या अखेरीस जिनिव्हा शहरांतील एक कुलुपें घडविणारा कारागीर झां झालाबेर नामक पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाकडे आला. त्याचा उजवा हात कित्येक वर्षांपासून लुळा पडलेला होता. हातोड्यावर पोट असणाऱ्या माणसाचा उजवा हात गेला म्हणजे मागें काय उरतें, हें सांगावयास नको. झालाबेरनें त्या हाताच्या एकेका स्नायूवर घर्षणयंत्रांतील विजेच्या ठिणग्या पाडण्यास आरंभ केला. आणि जो स्नायू वर्षानुवर्षें आपल्या धन्याचें ऐकत नव्हता तो ठिणगीसरशी आखडूं लागला. कांहीं आठवड्यांनीं सुकलेला हात भरला, त्यांत हालचाल आली. पुढील वर्षीं झालाबेरनें हा वृत्तांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला, आणि युरोपांतील पंगू लोकांचे डोळे विजेकडे लागले.

ही आशा फार दिवस टिकली नाहीं. पॅरिसांत ॲबे नोले यानें पंगू सैनिकांवर तोच प्रयोग करून पाहिला. त्यास म्हणण्यासारखें यश आलें नाहीं. अमेरिकेंत बेंजामिन फ्रँकलिनकडे पक्षाघाताचे रोगी दूरदूरच्या गांवांहून येत. आपला अनुभव त्यानें १७५७ सालच्या एका पत्रांत मोकळेपणानें लिहिला आहे. प्रथम अवयवांत ऊब येई, हातपाय थोडे अधिक उचलत. पण पांचव्या दिवसानंतर सुधारणा थांबे, रोगी निराश होऊन घरीं परते आणि थोड्याच काळांत पूर्वीच्या अवस्थेस जाई. एवढें सांगून फ्रँकलिन थांबत नाहीं. जो थोडा गुण दिसला तो विजेचा, कीं प्रवासानें व रोज आपल्या घरापर्यंत येण्यानें घडलेल्या व्यायामाचा, कीं बरें होण्याच्या आशेनें रोग्यानें स्वतः लावलेल्या जोराचा, अशी शंका तो आपण होऊनच काढतो. स्वतःच्या हातच्या उपायाविषयीं इतकी प्रांजळ शंका घेणारे वैद्य कोणत्याही काळीं विरळाच. आणि फ्रँकलिन तर वैद्यही नव्हता! स्नायू हलला म्हणजे माणसानें श्रम केले असें होतें काय, हा जो प्रश्न या विषयाची पाठ कधींच सोडीत नाहीं, त्याचें बीज या शंकेंत आहे.

बोलोन्याच्या गॅल्व्हानीनें १७९१ सालीं बेडकाच्या पायांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि १८०३ सालीं त्याचा भाचा आल्दिनी यानें लंडनमध्यें एका फांशी गेलेल्या गुन्हेगाराचें प्रेत विजेनें हालवून दाखविलें. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. पाहणाऱ्यांचा थरकाप झाला खरा, परंतु रोग्यांच्या पदरांत त्यानें कांहीं पडलें नाहीं.

रोग्यांच्या पदरांत कांहीं पडलें तें एका दर्यावर्दी घराण्यांतील डॉक्टरामुळें. ग्यियोम द्युशेन हा बुलोन बंदराचा राहणारा. १८४२ सालीं तो पॅरिसास आला. तेथील रुग्णालयांत त्यास कधीं मानाची जागा मिळाली नाहीं. आपली विजेची पेटी घेऊन तो या रुग्णालयांतून त्या रुग्णालयांत हिंडे आणि एकेका रोग्याचा वर्षानुवर्षें पाठपुरावा करी. पूर्वीचे लोक स्नायूंत सुया टोंचून वीज सोडीत. द्युशेननें फॅरडेनें शोधून काढलेला प्रेरित प्रवाह घेतला, ओलसर स्पंजांतून तो कातडीवर लावला, आणि नेमका हवा तोच स्नायू आखडावा अशी युक्ति साधली. १८५५ सालीं त्याचा या विषयावरील मोठा ग्रंथ निघाला. १८६२ च्या दुसऱ्या एका ग्रंथांत त्यानें, चेहऱ्याची संवेदना गेलेल्या एका म्हाताऱ्याचे फोटो दिले आहेत. विजेच्या स्पर्शानें तो म्हातारा भितो, रडतो, हंसतो. मनांत मात्र यांतलें कांहींच नाहीं. ओठांचें हसूं मनुष्य ठरवून आणूं शकतो, पण डोळ्यांभोंवतींचा स्नायू खऱ्या आनंदावांचून हलत नाहीं, असें द्युशेनच्या ध्यानांत आलें. इच्छेला जें साधत नव्हतें तें त्याच्या पेटीला साधत होतें! तरीही एकटा स्नायू आपल्यापुरता काम करतो असें निसर्गांत कोठेंच आढळत नाहीं, असा निर्वाळा १८६७ सालीं देणारा हाच द्युशेन होय.

शास्त्राच्या मागोमाग बाजार आलाच. पुल्व्हरमाखरच्या विद्युत्साखळ्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इतक्या खपल्या कीं, फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरींतील औषधविक्या तीच साखळी अंगावर वागवितो. बोर्दोच्या बेर्गोनिये यानें पुढें एक खुर्चीच बनविली. स्थूल माणसानें तींत स्वस्थ बसावें आणि विजेनें त्याच्या स्नायूंकडून परस्पर व्यायाम करून घ्यावा, अशी योजना. कल्पना मोहक खरी. घाम न गाळतां तालीम कोणास नको आहे?

निरोगी माणसाच्या बाबतींत ही कल्पना नेटानें मांडली ती मॉस्कोच्या याकोव्ह कोट्स यानें. सेकंदास २,५०० आवर्तनांचा प्रवाह, दहा सेकंद आकुंचन, पन्नास सेकंद विसांवा, असे दहा फेरे ही त्याची रीत. १९७७ सालीं माँट्रिऑल येथें त्यानें कसलेल्या खेळाडूंचें बळ शेंकडा ३० ते ४० वाढल्याचें सांगितलें. इतरत्र प्रयोग झाले तेव्हां बळ वाढलें, परंतु इतकें नव्हे. कारण उघड आहे. मनुष्य स्वेच्छेनें जोर लावतो तेव्हां लहान स्नायुतंतूंचे गट आधीं कामास लागतात, मोठे राखीव राहतात आणि पाळीपाळीनें भार वाटला जातो. वीज हा विवेक करीत नाहीं. तिच्या टप्प्यांत जे मज्जातंतू सांपडतात त्यांचे स्नायू एकदम राबतात, आणि म्हणून लौकर थकतात.

अलीकडे सर्वांगास विजेची बंडी चढवून वीस मिनिटांचा व्यायाम करण्याची चाल जर्मनींतून पसरली आहे. पहिल्याच दिवशीं जोराचा प्रवाह घेतल्यास स्नायू आंतून इतके दुखावतात कीं, त्यांतून रक्तांत उतरणारें द्रव्य मॅरेथॉन धावणाऱ्यापेक्षांही अधिक आढळतें, असें एर्लांगेन येथील संशोधकांनीं २०१५ सालीं दाखविलें. हें द्रव्य बेसुमार झाल्यास मूत्रपिंडास धोका. इस्रायलच्या आरोग्यखात्यानें २०१६ सालीं तशी सूचनाही काढली. दहा आठवड्यांच्या सरावानंतर हा प्रकार पुष्कळ ओसरतो, हें त्याच संशोधकांचें म्हणणें. श्रमानंतरचा थकवा विजेनें निघतो असेंही सांगतात. अंग हलकें वाटतें, पण बळ लौकर परत येतें याचा पुरावा कच्चा आहे.

जेथें धन्याची आज्ञाच स्नायूपर्यंत पोंचत नाहीं तेथली गोष्ट निराळी. गुडघ्याचा स्नायुबंध शस्त्रक्रियेनें जोडल्यावर मांडीचा पुढला स्नायू जणूं रुसून बसतो. रोग्यानें कितीही मनांत आणलें तरी तो पुरता आखडत नाहीं. १९९५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या ११० रोग्यांच्या अभ्यासांत, व्यायामाच्या जोडीला तीव्र प्रवाह घेतलेल्यांचें बळ, मंद घरगुती यंत्र वापरणाऱ्यांपेक्षां अधिक परतलें. तीव्र प्रवाह सुखाचा नसतो. तो सोसावा लागतो. त्याआधीं, १९६१ सालीं, लिबर्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं अर्धांगानें पाऊल लोंबणाऱ्या रोग्यांसाठीं बुटाच्या टांचेखालीं एक कळ बसविली होती. रोगी आपल्या बळानें टांच उचली. त्यासरशी कळ सुटे, गुडघ्याखालच्या मज्जातंतूंत वीज जाई, आणि फरफटणारा चवडा जमिनीवरून वर येई.