भरती-ओहोटीचे पाणी आणि मराठ्यांची पूर्वतयारी : खांदेरी (1679) व साष्टी-वसई (1737-39)

प्रस्तावना

मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास बहुधा जलदुर्ग, जहाजांची संख्या आणि लढायांचे निकाल या तीन अंगांनी लिहिला गेला आहे. लढाईच्या आदल्या रात्री मचव्यावरील तांडेलाला काय ठाऊक असावे लागे, हा प्रश्न त्यात क्वचितच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

मराठवाड्यातील वाचकाला हा प्रश्न सहजासहजी सुचणारा नाही. नांदेडची गोदावरी काय किंवा लातूर परिसरातील मांजरा-तेरणा काय, या नद्यांचे पाणी एकाच दिशेने वाहते. पुराचा काळ, उन्हाळ्यातील डोह आणि मधले उतार ज्या भोयाने जाणले, त्याला नदी कळली असे म्हणता येते. लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. या भागात पाण्याविषयीचा प्रश्न पाणी आहे की नाही, एवढाच असतो. कोकणच्या खाडीत मात्र तो निराळा होतो. पाणी या घटकेला कोणीकडे चालले आहे, आणखी दोन तासांनी कोणीकडे चालेल आणि तोवर नावेच्या तळाखाली किती उरेल, हे तेथे आधी ठरवावे लागते.

या ज्ञानाचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. लंडन येथे थेम्स नदीवर ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांची वल्हवण्याची शर्यत होते. ती 1829 मध्ये सुरू झाली आणि 1845 पासून लंडनच्या भरती-ओहोटीच्या पाण्यावर आली. पटनी ते मॉर्टलेक हे सुमारे 6.8 किलोमीटरचे अंतर आहे. शर्यतीची वेळ घड्याळाच्या सोयीने ठरत नाही. पूर्ण भरतीच्या सुमारे दीड तास आधी, पाण्याचा ओघ वरच्या अंगाला जोरात जात असताना ती सोडली जाते. नदीच्या ज्या पट्ट्यात ओघ सर्वांत वेगवान असतो तो पट्टा मिळविण्यासाठी दोन्ही नावांचे सुकाणूधारी झगडतात, आणि त्यासाठी शर्यतीपूर्वी त्या पाण्यावर सराव करून ते त्याची चाल अभ्यासतात. तेथे हरले तर चषक जातो. सतराव्या-अठराव्या शतकातील खाडीत हेच ज्ञान चुकले तर माणसे जात.

पाण्याचे वेळापत्रक

कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते. दोन भरतींमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. चंद्राशी निगडित असलेले हे गणित पंचांगाच्या तिथीवरून मांडता येते. मुंबईच्या परिसरात तिथीचा अंक पाऊणपट केला की पूर्ण भरतीची अंदाजी वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. त्या दिवसांत मुंबईजवळ पाण्याची पातळी साडेतीन-चार मीटरपर्यंत, कधी त्याहूनही अधिक वरखाली होते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी कमी चढते, कमी उतरते आणि त्याची ओढही मंद असते.

घाटावर तिथीचा उपयोग व्रतवैकल्ये आणि मुहूर्त यांसाठी होई. कोळ्याला तीच तिथी नाव केव्हा लोटायची ते सांगे. पंचांग एकच, परंतु त्याचा वाचक बदलला की अर्थ बदलत असे.

या गणिताला वाऱ्याची जोड होती. पावसाळा संपल्यानंतर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दिवस वर आल्यावर तो पडतो आणि दुपारनंतर समुद्राकडील वारा सुटतो. मधल्या निवांत वेळेत शिडाची मोठी जहाजे जागच्या जागी डोलत राहतात आणि वल्ह्यांची गलबते मात्र चालतात. 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी वाऱ्याविना निरुपयोगी ठरणाऱ्या थोर नौका बांधू नयेत, मध्यम आकाराच्या बांधाव्यात, असा विचार मांडला आहे. त्यामागे याच किनाऱ्याचा अनुभव असावा.

माणसांची जमवाजमव

शिवाजी महाराजांनी 1657 च्या अखेरीस कल्याण-भिवंडी घेतली तेव्हा त्यांच्या राज्याला प्रथमच खाडीचे तोंड मिळाले. नौका बांधण्यासाठी रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज कारागिराला नेमण्यात आले. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हे समजताच त्यांनी त्याला फोडले, आणि तो आपल्या माणसांसह काम टाकून निघून गेला. नौका इथल्या लाकडाची असली तरी ती बांधण्याचे ज्ञान परक्याच्या डोक्यात असेल तर ते एका रात्रीत नाहीसे होऊ शकते, हा धडा यातून मिळाला. पुढे आरमारात दौलतखान, दर्यासारंग, मायनाक भंडारी अशी किनाऱ्यावरची माणसे अधिकारपदी दिसतात. कोळी, भंडारी आणि कोकणी मुसलमान हे या आरमाराचे खरे मनुष्यबळ होते.

घाट आणि समुद्र यांच्यातील ताण मात्र संपला नव्हता. पद्मदुर्गाच्या कामी दौलतखान व दर्यासारंग यांना वेळेवर ऐवज व रसद न पोहोचविल्याबद्दल प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास महाराजांनी लिहिलेले खरमरीत पत्र प्रसिद्ध आहे. हिशेबाच्या कचेरीला महिन्याचा विलंब किरकोळ वाटतो. पाण्याने वेढलेल्या बेटावर तोच जीवघेणा ठरतो.

लाय पाटील या कोळी सरदाराची परंपरेने सांगितली जाणारी हकीकत याहून बोलकी आहे. जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावण्याचे काम त्याने व त्याच्या साथीदारांनी पार पाडले. परंतु मोरोपंत पिंगळ्यांची माणसे वेळेत पोहोचली नाहीत आणि उजाडण्यापूर्वी त्यांना परतावे लागले. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यात वावरणाऱ्याला पालखी काय कामाची, म्हणून त्याने ती नाकारली. तेव्हा 'पालखी' नावाचे गलबतच त्याला देण्यात आले, असे सांगतात. मानाची ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. शिड्या लागल्यावर फौज का आली नाही, याची चर्चा तेवढी होत नाही. किनाऱ्यावरच्या पथकाचे घड्याळ पाण्यावर चालत होते, घाटावरच्या फौजेचे चालत नव्हते, हे त्याचे एक संभाव्य उत्तर आहे.

खांदेरी, 1679

खांदेरी हे बेट मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर आहे. तेथे किल्ला बांधण्याचा 1672 मधील प्रयत्न सोडून द्यावा लागला होता. 1679 च्या ऑगस्टअखेर मायनाक भंडाऱ्याने बेटावर उतरून कामास प्रारंभ केला. मुंबई बंदराच्या तोंडावर मराठ्यांची तटबंदी उभी राहणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी बेटाभोवती जहाजे उभी केली. सप्टेंबरमध्ये उतरण्याच्या प्रयत्नात लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प मारला गेला. पुढे कॅप्टन मिंचिन व रिचर्ड केग्विन यांच्याकडे 'रिव्हेंज' या लढाऊ जहाजासह आठ नौकांचे आरमार होते. (हाच केग्विन पुढे 1683 मध्ये मुंबईत कंपनीविरुद्ध बंड करून उठला.)

इंग्रजांची योजना कागदावर सोपी होती. मराठ्यांची गलबते नागावच्या खाडीतून रसद आणतात, तेव्हा खाडी आणि बेट यांमधील पाणी अडवावे. प्रत्यक्षात रात्रीमागून रात्री लहान होड्या त्यांच्या नजरेआड बेटावर पोहोचत राहिल्या. खोल तळाची जहाजे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात जाऊ शकत नव्हती, आणि वारा पडला की त्यांना हालताही येत नव्हते. ही एक प्रकारची रोजची शर्यतच होती. तिच्यात एका पक्षाला पाण्याचा मार्ग पाठ होता आणि दुसरा ते पाणी नव्याने शिकत होता.

मोठी झुंज 18 ऑक्टोबर 1679 रोजी झाली. उजाडताना दौलतखानाची पन्नास-साठ गलबते नागावच्या बाजूने चालून आली. अर्ध्या तासाच्या आत 'डव्ह' ही इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती पडली आणि त्यांच्या इतर लहान नौका दूर सरकल्या. 'रिव्हेंज'ने एकटीने तोफांचा मारा करून हल्ला परतविला व मराठा गलबतांचा पाठलाग केला. ती गलबते नागावच्या उथळ पाण्यात शिरल्यावर पाठलाग थांबला.

या दिवसाची तिथी पाहणे उद्बोधक आहे. इंग्रज त्या काळी जुने कॅलेंडर वापरीत. त्यांचा 18 ऑक्टोबर म्हणजे आजच्या गणनेप्रमाणे 28 ऑक्टोबर होय. चंद्रगतीचे गणित मागे नेले असता हा दिवस दिवाळीच्या अमावास्येपूर्वी सुमारे सहा दिवस, म्हणजे आश्विन वद्य अष्टमी-नवमीच्या सुमाराचा येतो. पाऊणपटीच्या नियमाने पूर्ण भरती सकाळी सहा ते सातच्या दरम्यान पडते. म्हणजेच ओहोटीचा तळ मध्यरात्रीच्या आसपास येऊन गेला होता. उत्तररात्री खाडीच्या तोंडावरील वाळूचा दांडा ओलांडताना गलबतांखाली पाणी वाढत होते. या किनाऱ्यावर भरतीचा ओघ सामान्यतः उत्तरेकडे, मुंबई बंदराच्या दिशेने असतो, आणि नागावहून खांदेरी वायव्येस आहे. भांगाचे दिवस असल्याने ओढ फार नव्हती. पाठीशी पहाटेच्या मतलईचा वारा मिळण्याचे ते दिवस होते.

परतीचे गणितही तितकेच जुळते. दिवस वर चढू लागला तेव्हा ओहोटी सुरू झालेली होती आणि दुपारी एकच्या सुमारास ती तळाला जाणार होती. घटत्या पाण्यात दांड्याच्या आत शिरणे उथळ तळाच्या गलबताला शक्य होते. 'रिव्हेंज'सारख्या जहाजाने तसे धाडस केले असते तर ते वाळूवर बसले असते. हा मेळ गणिताचा आहे, हेतूचा पुरावा नव्हे, हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्या खलाशांचे पोट रोज भरतीच्या वेळेवर अवलंबून होते, त्यांनी ती वेळ न पाहता साठ गलबते बाहेर काढली असतील असे मानणे अधिक कठीण आहे.

'डव्ह' जिंकण्यापलीकडे त्या सकाळी मराठ्यांना निर्णायक विजय मिळाला नाही, आणि काही इतिहासकार यास त्यांचा पराभव म्हणतात. परंतु झुंजीचा हेतू इंग्रज आरमार बुडविणे हा नसून बेट राखणे हा होता. नोव्हेंबरमध्ये सिद्दी कासमचे आरमार इंग्रजांच्या मदतीस आले, तरीही रसद तुटली नाही. 1680 च्या जानेवारीत इंग्रजांनी समझोता करून जहाजे काढून घेतली. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या बारा किल्ल्यांत तिचा समावेश आहे.

साष्टी आणि वसई, 1737-39

खांदेरीला किनाऱ्यावरचीच माणसे लढली. अर्धशतकानंतर चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मात्र घाटावरच्या फौजेला खाडी ओलांडावयाची होती. ठाण्याच्या खाडीमुळे साष्टी बेट मुख्य भूमीपासून तुटलेले, उल्हास नदीच्या मुखाशी असलेल्या खाडीमुळे वसई साष्टीपासून तुटलेली. काठाला खाजण, तिवरांची झाडी आणि गुडघाभर चिखल. जेथे संध्याकाळी पाणी भरलेले दिसावे तेथे मध्यरात्री चिखलाचे पात्र असावे, हा प्रकार भीमा-गोदावरीचे उतार ओलांडणाऱ्या घोडेस्वाराच्या अनुभवाबाहेरचा होता.

ही उणीव स्थानिक माणसांनी भरून काढली. भिवंडीजवळील अंजूरच्या गंगाजी नाईक व त्यांच्या बंधूंनी वाटा, पाणी आणि पोर्तुगीज चौक्यांची खबर पुरविली. 'साष्टीची बखर' त्यांच्या कामगिरीचे सविस्तर वर्णन करते. घराण्याच्या गौरवाचा सूर त्यात असला तरी मूळ बाब नाकारता येत नाही. 1737 च्या एप्रिलच्या आरंभी रात्री खाडी ओलांडून मराठ्यांनी बांधकाम अपुरे असलेला ठाण्याचा किल्ला घेतला आणि पाठोपाठ साष्टी बेट त्यांच्या हाती आले.

वसई त्या वर्षी पडली नाही. एक खाडी रात्रीतून ओलांडणे आणि समुद्राकडून रसद मिळणारा किल्ला कोंडणे या दोन भिन्न गोष्टी होत्या. पुढील दीड-दोन वर्षांत माहीम, तारापूर यांसारखी किनाऱ्यावरची ठाणी एकेक करून घेण्यात आली. तारापूरला बाजी भिवरावांसारखा मोहरा खर्ची पडला. 1739 च्या फेब्रुवारीत वसईला निकराचा वेढा पडला, तेव्हा उत्तरेकडील जमिनीच्या बाजूने सुरुंग खणले जात होते आणि समुद्राच्या बाजूला मानाजी आंग्र्यांची गलबते उभी होती. मे महिन्यात किल्ला शरण आला.

विजयानंतर सुरुंग लावणाऱ्यांची, तटावर प्रथम चढणाऱ्यांची आणि कामी आलेल्या सरदारांची नावे पत्रांत व बखरींत नोंदली गेली. अंजूरकरांच्या पदरी इनामे व मान आला. अंधाऱ्या खाडीतून तरांडी पलीकडे नेणाऱ्या तांडेलांचा उल्लेख मात्र 'कोळी', 'खलाशी' अशा जातिवाचक वा व्यवसायवाचक शब्दांनी उरकलेला आढळतो. मोहिमांच्या खर्चाच्या याद्यांत ही माणसे होड्यांच्या भाड्याच्या आणि रोजमुऱ्याच्या रकमांमागे शोधावी लागतात. त्यांच्या ज्ञानाचा काही भाग तिथीच्या पाऊणपटीच्या हिशेबात किनाऱ्यावर अजून वापरात आहे.