धर्मभगिनी आणि व्हॅटिकनचे प्रशासन : सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला यांची कारकीर्द

प्रस्तावना : कॅथलिक चर्चच्या असंख्य शाळा व रुग्णालये धर्मभगिनींनी चालविली, भारतातही हेच चित्र दिसते. व्हॅटिकनमधील विभागांचे प्रमुखपद मात्र दीर्घकाळ कार्डिनल वा आर्चबिशप यांच्याकडेच राहिले. या पार्श्वभूमीवर सिस्टर ब्राम्बिल्ला यांची कारकीर्द अभ्यसनीय ठरते.

कारकीर्द : इटलीतील मोंझा येथे १९६५ साली जन्मलेल्या ब्राम्बिल्ला मूळच्या परिचारिका. कोन्सोलाता मिशनरी भगिनी संघात प्रवेश केल्यानंतर त्यांनी मोझांबिकमध्ये कार्य केले. २०११ ते २०२३ या काळात त्या संघाच्या प्रमुख होत्या. दरम्यान, २०२२ च्या ‘प्रेडिकाते एव्हांजेलियुम’ या संविधानाने विभागप्रमुखपद दीक्षित पुरोहित नसलेल्या श्रद्धावंतांनाही खुले केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या धर्मसंघविषयक विभागाच्या सचिव झाल्या. ६ जानेवारी २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना त्याच विभागाचे प्रीफेक्ट नेमले. व्हॅटिकनच्या विभागाचे प्रमुखपद स्त्रीकडे येण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. त्याच वेळी कार्डिनल आर्तिमे यांची प्रो-प्रीफेक्टपदी नियुक्ती झाली.

निष्कर्ष : प्रशासकीय अधिकार पौरोहित्यदीक्षेतून येतो की पोपनी सोपविलेल्या जबाबदारीतून, हा येथील मूळ प्रश्न आहे. संविधानाचा कौल दुसऱ्या बाजूला आहे. परंतु कार्डिनलांची सहनियुक्ती पाहता तो वाद संपला असे म्हणता येत नाही.