तारा : एक नाव, दोन उगम

१

मराठी घरात मुलीचे नाव तारा ठेवले जाते तेव्हा त्या नावाचा अर्थ सहसा कोणी विचारीत नाही. आकाशातला तारा सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि अर्थाचा प्रश्न तेथेच मिटला असे मानले जाते. दोन अक्षरांच्या, उच्चारायला सोप्या नावांचे नेहमीच असे होते. ती जितकी लहान तितकी पारदर्शक वाटतात. प्रत्यक्षात मात्र लहान नावांचाच माग काढणे अधिक अवघड असते, कारण दोन-तीन ध्वनींचा मेळ जगातल्या कोणत्याही दोन भाषांत योगायोगानेही जमू शकतो.

नामाच्या उगमाविषयीचा वाद भारतीय परंपरेत फार जुना आहे. सर्व नामे धातूंपासूनच निघाली आहेत, हे शाकटायनाचे आणि नैरुक्तांचे मत यास्काने 'निरुक्ता'त नोंदवले आहे. सर्वच नामांना हा नियम लावता येत नाही, हा गार्ग्याचा आक्षेपही त्याने तितक्याच काळजीने मांडला आहे. या वादात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले दिसतात. शब्द कोठून आला हा एक प्रश्न आणि तो वापरणाऱ्यांनी त्यात काय पाहिले हा दुसरा. पहिला प्रश्न भाषेच्या इतिहासाचा आहे. दुसरा समाजाच्या आणि साहित्याच्या इतिहासाचा. 'तारा' या नावाचा प्रवास पाहताना हे दोन्ही प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. ते वेगळे न ठेवल्यास काय घडते, याचेही एक बोलके उदाहरण या नावाच्याच इतिहासात सापडते.

२

नक्षत्रवाचक 'तारा' शब्दाची वंशावळ पुरेशी स्पष्ट आहे. ऋग्वेदात ताऱ्यांसाठी 'स्तृभिः' हे तृतीयेचे अनेकवचनी रूप येते, तसेच आरंभीचा सकार गळालेले 'तारः' हे रूपही येते. 'तारा' हे स्त्रीलिंगी रूप पुढच्या संस्कृतात रूढ झाले. अवेस्तातील 'स्तर्', ग्रीक 'आस्तेर', लॅटिन 'स्तेल्ला', जर्मन 'श्टेर्न' आणि इंग्रजी 'स्टार' ही सारी याच कुळातली भावंडे होत. फारसीतला 'सितारा' हाही त्यांपैकीच एक. तो मुसलमानी राजवटीच्या काळात भारतीय भाषांत शिरला, तेव्हा घरातून फार पूर्वी वेगळा झालेला भाऊ परक्या वेषात परतावा तसे झाले. आज मराठीत 'तारा' आणि 'सितारा' शेजारी शेजारी नांदतात, पण त्यांचे नाते बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

उलट, ज्यांचे नाते नाही त्यांचे ते आहे असे भासते. 'सितार' या वाद्याच्या नावात सितारा चमकत नाही. तेथे फारसीतील 'सेह्' म्हणजे तीन आणि 'तार' म्हणजे तंतू असे दोन शब्द आहेत. मराठीत लिंगाचीही एक गंमत घडली आहे. आकाशातला तारा मराठीत पुल्लिंगी आहे. तो तुटतो, चमकतो, आणि त्याचे अनेकवचन 'तारे' होते. मुलीच्या नावात मात्र संस्कृतचे स्त्रीलिंग तसेच राहिले. त्यामुळे एकच शब्द आकाशात एका लिंगाचा आणि घरात दुसऱ्या लिंगाचा झाला आहे. संस्कृतात 'तारा' आणि 'तारका' यांचा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे डोळ्यातली बाहुली. काळ्या वर्तुळात चमकणारा बिंदू या साम्यावरून तो आला असावा. हा अर्थ मराठीत मागे पडला. परंतु पुढील विवेचनात त्याचा उपयोग होणार आहे.

३

'तारा' या नावाचा दुसरा उगम 'तॄ' या धातूत आहे. पार जाणे, पोहून किंवा नावेने पलीकडचा काठ गाठणे, हा त्याचा मूळ अर्थ. प्रयोजक रूपात तो 'पार नेणे, तारणे' असा होतो. मराठीत या धातूचा परिवार मोठा आहे. तर, तारू, उतारू, तरणे, तारणे, तारक हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत, आणि 'देव तारी त्याला कोण मारी' ही म्हण तर सर्वतोमुखी आहे. नदी ओलांडणाऱ्या आणि समुद्रावर जाणाऱ्या माणसांचे हे शब्द आहेत; भवसागराची कल्पना त्यांच्यावर नंतर उभी राहिली.

बौद्ध परंपरेतील तारा या दुसऱ्या अर्थाची देवता आहे. इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकांपासून तिची उपासना ठळकपणे दिसू लागते. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वराचे मोठे शिल्प आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस तारा आणि भृकुटी उभ्या आहेत, आणि भोवतीच्या लहान चौकटींत संकटात सापडून त्याचा धावा करणारी माणसे कोरलेली आहेत. वेरूळच्या बौद्ध लेण्यांतही तारेच्या मूर्ती आहेत. पुढे संकटनिवारणाचे हे काम तारेनेच आपल्याकडे घेतले. सिंह, हत्ती, अग्नी, सर्प, चोर, बंधन, जल आणि पिशाच ही ज्या आठ महाभयांतून ती सोडवते ती भये पाहिली, म्हणजे तिचा भक्त कोण असेल याची कल्पना येते. अरण्यातून तांडा नेणारा आणि गलबतातून माल नेणारा व्यापारी, तसेच वाटेवरचा भिक्षू यांची ही भये आहेत. 'तारू' आणि 'तारा' हे शब्द एका धातूचे आहेत, ही गोष्ट केवळ व्याकरणाची राहत नाही.

समुद्रमार्गाने ही देवता जावापर्यंत पोचली. तेथील प्रंबाननजवळच्या कलसन येथील संस्कृत शिलालेखात शके ७०० मध्ये, म्हणजे इ. स. ७७८ मध्ये, शैलेंद्र राजवटीत तारेचे मंदिर उभारल्याची नोंद आहे. साहित्याच्या दृष्टीने त्यातला आरंभीचा श्लोक महत्त्वाचा आहे. दुःखाच्या सागरात बुडालेल्या जगाला तारणारी अशी तिची स्तुती करून कवी श्लोकाच्या शेवटी तिला जगाची एकमेव तारा म्हणतो. या शेवटच्या शब्दात तारिणी आणि नक्षत्र हे दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येतात. दोन उगमांचे प्रवाह येथे एका श्लोकात मिळाले आहेत, आणि कवीने ते जाणून मिळवले आहेत. रात्री समुद्रावर दिशा दाखवणारा ताराच खलाशाला पार नेतो. तेव्हा हा श्लेष ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

तिबेटमध्ये निराळीच गोष्ट घडली. तिबेटी भाषांतरकारांनी देवतेच्या नावाचा ध्वनी न घेता अर्थ घेतला. दोन अर्थांपैकी कोणता घ्यावयाचा हे त्यांना ठरवावे लागले, आणि त्यांनी 'मुक्त करणारी' असा अर्थ निवडून 'डोल्मा' हे नाव सिद्ध केले. १०४२ मध्ये तिबेटात गेलेले बंगालचे आचार्य दीपंकर श्रीज्ञान अतीश हे तारेचे निष्ठावंत उपासक होते. त्यांच्यानंतर ही उपासना तेथे खोलवर रुजली. लडाख आणि सिक्कीममध्ये आजही असंख्य मुलींचे नाव डोल्मा असते. लडाखमधली डोल्मा आणि कोकणातली तारा यांच्या नावांत एकही व्यंजन समान नाही, आणि तरीही त्या एका अर्थाने नामभगिनी आहेत. अवलोकितेश्वराच्या अश्रूतून तारा जन्मली, ही त्या परंपरेतील कथा प्रसिद्ध आहे. या कथेमागे 'डोळ्यातली बाहुली' हा जुना संस्कृत अर्थ उभा असावा, असे अनुमान करता येते.

बंगालमध्ये तारा दहा महाविद्यांतील एक होऊन शाक्त उपासनेत आली. बीरभूम जिल्ह्यातील तारापीठ हे तिचे ख्यातनाम स्थान होय. अठराव्या शतकातील रामप्रसाद सेन यांच्या श्यामासंगीतात भक्त या नावाने आईला हाक मारतो, तिच्याशी भांडतो, तिला जाब विचारतो. तेथे नावाचा अर्थ 'तारणारी' असाच आहे. पण तारीत का नाहीस, ही तक्रारही त्या अर्थातच सामावलेली आहे.

४

ध्वनी तोच, पण नाते मुळीच नाही, असे उदाहरण आयर्लंडमध्ये आहे. मीथ परगण्यातील तारा ही टेकडी आयरिश राजांचे पुरातन अधिष्ठान मानली जाते. तिचे जुने आयरिश नाव 'तेमैर' असे आहे. इंग्रजीतील 'तारा' हे रूप त्याच्या विभक्तिरूपांवरून आले. दूरवर दृष्टी पोचेल असे उंच स्थान किंवा वेगळे राखलेले पवित्र स्थान, असे त्याचे अर्थ विद्वानांनी सुचवले आहेत. मध्ययुगीन आयरिश कवींनी मात्र तेआ नावाच्या राणीची कल्पना करून 'तेआचा तट' अशी त्याची फोड केली. नावाचा अर्थ हरवला की तेथे एखादी कथा येऊन बसते, हे सर्व देशांत सारखेच.

कथा ही कथा राहते तोवर तिचा उपद्रव नसतो. परंतु १८९९ ते १९०२ या काळात इंग्रज लोक हे इस्राएलच्या हरवलेल्या वंशांपैकी आहेत असे मानणाऱ्या एका पंथाच्या अनुयायांनी या टेकडीवर खोदकाम केले. 'तारा' म्हणजे हिब्रू 'तोरा', असे समीकरण त्यांनी मांडले होते, आणि बायबलमधील कराराचा कोश तेथे पुरलेला आहे अशी त्यांची खात्री होती. कोश मिळाला नाही. एका प्राचीन तटबंदीची मात्र कायमची हानी झाली. १९०२ मध्ये डग्लस हाइड, जॉर्ज मूर आणि डब्ल्यू. बी. येट्स या लेखकांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून या प्रकाराचा निषेध केला. ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती लावणे याला मराठीत अकलेचे तारे तोडणे म्हणून हसण्यावारी नेता येते. कुदळ हातात असली म्हणजे मात्र तो विनोद राहत नाही.

हेच नाव पुढे अटलांटिकपार गेले. मार्गारेट मिचेल यांच्या १९३६ च्या 'गॉन विथ द विंड' या कादंबरीत आयर्लंडहून आलेला मळेवाला आपल्या मळ्याला तारा हे नाव देतो. १९३९ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला, आणि त्यानंतर इंग्रजी भाषक कुटुंबांत मुलींना हे नाव देण्याची प्रथा वाढली. आज परदेशात जन्मलेल्या मराठी मुलीचे आणि तिच्या वर्गातल्या आयरिश वंशाच्या मुलीचे नाव एकच असू शकते. त्या नावांच्या मागे दोन वेगळे भूतकाळ आहेत. ते एक आहेत असे म्हणण्याची गरज नाही. ते वेगळे असल्याने दोघींच्या मैत्रीला बाधही येत नाही.

५

नावाला अर्थ देणारी तिसरी गोष्ट म्हणजे ते धारण करणारी व्यक्ती. रामायणातील वालीची पत्नी तारा ही त्या महाकाव्यातील सर्वांत जाणत्या राजकीय व्यक्तींपैकी एक आहे. सुग्रीवाच्या दुसऱ्या आव्हानामागे कोणाचे तरी बळ आहे हे ती ओळखते आणि वालीला थांबवू पाहते. तो ऐकत नाही. मरताना मात्र तिचा सल्ला मानावा असे सुग्रीवाला सांगून जातो. पुढे संतप्त लक्ष्मणाला शांत करण्याचे कामही तीच करते. ती वाचवू पाहते, पण तिचे ऐकले जात नाही.

पुराणांतील दुसरी तारा बृहस्पतीची पत्नी. सोम तिला पळवून नेतो, तिच्यासाठी देव-असुरांचे युद्ध पेटते, ती परत आणली जाते, आणि या सर्व काळात तिला कोणी काही विचारीत नाही. तिला विचारले जाते ते एवढेच की मूल कोणाचे. 'सोमाचे' हे तिचे उत्तर. एवढ्या मोठ्या युद्धाच्या कथेत तिच्या वाट्याला जवळजवळ तेवढाच शब्द आला आहे.

मराठी इतिहासात हे नाव धारण करणाऱ्या स्त्रियांनी हा वाटा बदलला. राजाराम महाराजांच्या १७०० मधील निधनानंतर महाराणी ताराबाईंनी औरंगजेबाच्या फौजांविरुद्ध राज्य लढते ठेवले; तत्कालीन कवीने त्यांना उपमा दिली ती भद्रकालीची. पुढे १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि स्त्रीजातीवर वर्तमानपत्री टीकेचा भडिमार झाला. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. दोष एकट्या स्त्रीच्या माथी का, हा त्यांचा प्रश्न होता. तो विचारताना त्यांनी पुराणांतील देवांनाही सूट दिली नाही. हे पुस्तक पुढे दीर्घ काळ विस्मृतीत राहिले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा वाचकांपुढे आणले, तेव्हा ते मराठीतील स्त्रीवादी विचाराचा आरंभबिंदू म्हणून ओळखले जाऊ लागले. पुराणातल्या तारेला एका शब्दापलीकडे बोलू दिले गेले नव्हते. या ताराबाईंनी एक संपूर्ण ग्रंथ लिहिला.

प्रश्न तेवढ्याने संपला असे मात्र नाही. महेश दत्तानी यांच्या १९९० मधील 'तारा' या इंग्रजी नाटकात शरीराने जोडलेली जुळी भावंडे शस्त्रक्रियेने वेगळी केली जातात. जो पाय मुलीच्या देहावर टिकण्याची शक्यता अधिक, तो मुलाला दिला जातो. नाव मुलीचे, निवड मुलाची. हे नाव ठेवणाऱ्या घराने त्या नावाचा अर्थ पाळला नाही, हीच त्या नाटकातली वेदना आहे.

'तारा' या नावाचा शोध असा दोन धातूंपासून सुरू होतो आणि माणसांपाशी येऊन थांबतो. उगम शोधताना भाषाशास्त्राची शिस्त सोडता येत नाही. ती सोडली की काय होते, हे आयर्लंडच्या टेकडीने दाखवले आहे. पण केवळ उगम कळल्याने नाव कळत नाही. कलसनच्या कवीने, तिबेटी भाषांतरकारांनी आणि बुलढाण्याच्या ताराबाईंनी या दोन अक्षरांत जे घातले, ते कोणत्याही धातुपाठात मिळत नाही. ज्या नावाचा अर्थ 'तारणारी' असा शतकानुशतके सांगितला गेला, ते नाव दिलेल्या मुलीला तिच्या घराने आणि समाजाने तारले की नाही, हे त्या नावाच्या इतिहासाला अखेर विचारावेच लागते.