उतरवलेली प्रत्यंचा

दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या शहापुरात आपट्याची पाने वाटतात तशी बन्नीची, म्हणजे शमीचीही वाटतात. मराठी घरात ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणायचे आणि शेजारच्या कन्नड घरात ‘बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण’ म्हणायचे, हे बेळगावकडच्या माणसाला शिकवावे लागत नाही. शमीला हा मान का, हेही सगळ्यांना पाठ असते. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीवर ठेवली. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी ही गोष्ट कितीतरी वर्षे वर्गात सांगितली. पण तिच्यातला एक तपशील मूळ विराटपर्व उघडेपर्यंत माझ्या ध्यानात आला नव्हता. शस्त्रे झाडावर चढवण्यापूर्वी पाचही भावांनी आपापल्या धनुष्याची प्रत्यंचा उतरवली. मग नकुल झाडावर चढला आणि पावसाचा मारा लागणार नाही अशा जागा हेरून त्याने ती धनुष्ये दोरांनी घट्ट बांधली. पुढे उत्तर ती उतरवायला चढतो, तेव्हा त्याला आधी त्यांच्यावरचे वेष्टन सोडावे लागते.

उतरवलेली प्रत्यंचा, कोरडी जागा आणि वेष्टन. धनुष्य सांभाळण्याचे बहुतेक सगळे शास्त्र एवढ्यात आले. हे मला वेळेवर उमगले असते, तर आमच्या घरची कमान आज शाबूत असती.

ती कमान घराण्यात कुठून आली, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते आणि आमचे पूर्वज पटवर्धनांच्या चाकरीत होते, एवढे आजोबांकडून ऐकलेले. आजोबांना आम्ही आबा म्हणत असू. माळ्यावर एका लांबट पेटीत, हिरव्या बनातीत गुंडाळून ती ठेवलेली असे. दोरी वेगळ्या थैलीत. तिला आबा चिल्ला म्हणत. मृगाच्या आधी पेटी माळ्यावरून निघायची आणि स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, चुलीची ऊब लागेल पण धूर लागणार नाही अशा फळीवर जायची. खंडेनवमीला तलवारीबरोबर कमानही पाटावर यायची. आबा ती कोरड्या फडक्याने पुसत, गंधफूल वाहत आणि संध्याकाळी पुन्हा गुंडाळून ठेवत. दोरी चढवलेली मी कधी पाहिली नाही. एकदा मी हट्ट धरला, तेव्हा आबा म्हणाले, “झोपलीय ती. उठवू नको.”

आबा १९६५ साली गेले. १९६८ मध्ये थोरल्या बहिणीचे लग्न ठरले. सोपा रंगवला गेला आणि वडिलांनी कमान भिंतीवर लावायचे ठरवले. दोरीशिवाय कसली कमान, म्हणून ती चढवण्याचे काम माझ्याकडे आले. मी सतरा वर्षांचा होतो. कमान अर्धचंद्रासारखी वळलेलीच होती. मी तिची दोन्ही टोके आणखी थोडी जवळ ओढली आणि दोरी अडकवली. सोप्यात ती झकास दिसली. पाहुण्यांनी तिच्यापुढे उभे राहून फोटो काढून घेतले.

आषाढात, एका मध्यरात्री फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. सकाळी पाहिले, तर कमानीच्या एका बाजूची शिंगाची पट्टी सुटून उभी राहिली होती आणि आतले लाकूड चिरले होते. वडील काही बोलले नाहीत. आजी एवढेच म्हणाली, “आबांनी हिला उगीच का पेटीत ठेवलं होतं?”

त्या ‘उगीच का’चे उत्तर शोधण्यात माझी पुढची बरीच वर्षे गेली.

अशी कमान एकाच लाकडाची नसते. मध्ये लाकडाचा गाभा असतो, धनुर्धराच्या अंगाकडल्या बाजूला म्हशीच्या शिंगाची पट्टी आणि लक्ष्याकडल्या बाजूला जनावराच्या स्नायूंच्या तंतूंचा थर. हे सारे सरसाने जोडलेले असते. शिंग दाब उत्तम सोसते, स्नायू ताण उत्तम सोसतो. एकेक थर वाळायला वेळ द्यावा लागतो, म्हणून कमान पुरी व्हायला महिनेच्या महिने लागत. वाळताना स्नायू आक्रसतात आणि दोरी नसलेली कमान उलट्या बाजूला वळते. दोरी चढवायची तर तिला त्या वळणाविरुद्ध, पार दुसऱ्या अंगाला वाकवावे लागते. मी तिला होती त्याच दिशेने आणखी वाकवले. त्यामुळे दाब सोसणाऱ्या शिंगावर ताण आला आणि ताण सोसणाऱ्या स्नायूंवर दाब. तिथून आषाढाच्या दमट हवेने सरस मऊ केला. तिचे मरण मी दोन्हीकडून ओढवले होते. पुढे एका संग्रहालयात काचेच्या कपाटात अशीच उलटी ओढलेली कमान दिसली, तेव्हा चुकलेला मी एकटा नाही एवढे समाधान मिळाले. पण ते समाधान काही खरे नव्हे.

सरळ चढवलेली कमानही तशीच ठेवून चालत नाही. सतत ताणाखाली राहिली की तिचा जोर हळूहळू ओसरतो. म्हणून काम झाले की दोरी उतरवायची, हा जुना नियम. आपल्या दोन्ही महाकाव्यांत तो गृहीत धरलेला आहे. जनकाच्या घरचे शिवधनुष्य आठ चाकांच्या लोखंडी पेटीत होते, आणि सारा पण होता तो त्यावर प्रत्यंचा चढवण्याचा. द्रौपदीच्या स्वयंवरातही अनेक राजे दोरी चढवतानाच हरले. धनुष्य नेहमी उतरवलेलेच असायचे, म्हणून तर चढवणे ही परीक्षा ठरली.

राज्यकर्त्यांनाही ही काळजी होती. म्हैसूरला शामशास्त्रींनी १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागारावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची द्रव्ये दिली आहेत. मोरवेल, रुई, ताग, स्नायू अशी दोरीची द्रव्येही दिली आहेत. आयुधांच्या जागा वारंवार बदलाव्यात, त्यांना ऊन दाखवावे, उष्णता, दमटपणा वा कीड यांनी बाधा होते असे दिसले तर ती निराळ्या रीतीने ठेवावीत, असे त्यात बजावले आहे. शिवकालातल्या अठरा कारखान्यांत शिलेखाना होता. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडावरच्या दारूला आणि बाणांना वेळोवेळी ऊन देण्याची ताकीद दिली आहे. मात्र तिथले ‘बाण’ म्हणजे दारूचे अग्निबाण. शब्द धनुष्याकडून दारूकडे गेला, पण पावसाळ्याची धास्ती तीच राहिली. खंडेनवमीचे शस्त्रपूजन पाऊस सरता सरता येते, त्यात या ऊन देण्याच्या, पुसण्याच्या रिवाजाचा अंश असावा, असा माझा तर्क आहे.

एवढे लाड करावे लागणारे शस्त्र लोकांनी ठेवले, कारण ते तेवढे कामाचे होते. सतराव्या शतकात मोगली मुलूख पाहणारा फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो की, बंदूकवाल्याच्या दोन गोळ्या सुटेपर्यंत घोडेस्वार सहा तीर मारतो. तरीही दमट हवेवर काहीतरी उपाय हवाच होता. मोगल काळात हिंदुस्थानी कारागिरांनी सबंध पोलादाच्या कमानी घडवल्या. शिंगाच्या कमानीइतकी फेक त्यांना नव्हती, पण शिलेखान्यात पडून राहिल्या तरी ना सरस सुटण्याची भीती, ना कीड लागण्याची. तेलाचा हात फिरवला की झाले. काही कमानी मधोमध मळसूत्राने उघडून दोन तुकड्यांत ठेवता येत.

दुसरे टोक भिल्लांच्या कामठ्याचे. इंदूर-बडोद्याकडच्या वाचकांनी तो पाहिला असेल. धनुष्य बांबूचे आणि दोरीही बहुधा बांबूच्याच सालपटाची. एक बिघडला तर रानातून बांबू आणून दुसरा करता येतो. सांभाळण्याची विद्या तिथे थोडकी लागते, कारण करण्याची विद्या घरोघर जिवंत असते. आमच्याकडे उलटे होते. करणारे कारागीर केव्हाच गेले होते. उरली होती ती फक्त सांभाळण्याची रीत, आणि तीही एकट्या आबांच्या हातात. त्यांनी ती रोज पाळली, पण तिचे कारण कुणाला सांगितले नाही. आणि मी हट्ट केला तो दोरी चढवण्यासाठी. कारण विचारण्यासाठी नव्हे.

सीमाभागातल्या जुन्या घरांतून अशा वस्तू अजून निघतात. तुमच्या माळ्यावर उलट्या अंगाने वळलेली एखादी कमान निघाली, तर दोरी चढवण्याचा मोह टाळा. तेलपाण्याच्या नादीही लागू नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळून, भिंतीच्या ओलीपासून आणि उन्हापासून दूर, आडवी ठेवा आणि जाणत्या माणसाला दाखवा. घरात तिच्याविषयी काही सांगणारे म्हातारे माणूस असेल, तर त्याचे बोलणे आधी लिहून घ्या.

आमच्या कमानीचे तुकडे आजही त्याच पेटीत, त्याच बनातीत आहेत. सरस पुन्हा लावून देणारा मला भेटला नाही. खंडेनवमीला मी ते पाटावर मांडतो. गेल्या वर्षी नातवाने विचारले, “आजोबा, ही मोडली कशी?” मी त्याला शेजारी बसवले आणि शमीच्या झाडापासून सुरुवात केली.