औषधाची चिठ्ठी कोणी लिहायची?

22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही दरडींनी बळी घेतले. अशा धक्क्यातून वाचलेल्या काहींना नुसता धीर पुरत नाही, गोळ्या लागतात. जिल्हा रुग्णालय अलिबागला, पोलादपूरहून शंभराहून अधिक किलोमीटरवर. मानसशास्त्रज्ञ रुग्णाचे ऐकतो, चाचण्या घेतो, मानसोपचार करतो. चिठ्ठी मात्र लिहू शकत नाही. मग त्याला प्रशिक्षण देऊन हा हक्क का देऊ नये?

चिठ्ठीच्या हक्काची वाटणी आपल्याकडे फार जुनी नाही. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा 1912 मध्ये आला, वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा 1938 मध्ये. खेड्यापाड्यात तेव्हा कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले लायसेन्शिएट डॉक्टर असत. 1946 च्या भोर समितीने सर्वांसाठी एकच पदवी सुचवली आणि तो वर्ग हळूहळू संपला. त्याची जागा भरायला पदवीधर डॉक्टर काही खेड्यात गेले नाहीत. ती पोकळी पुढच्या प्रत्येक वादाच्या मुळाशी आहे.

1992 मध्ये राज्याने अधिसूचना काढून आयुर्वेदाच्या पदवीधरांना आधुनिक औषधांची वाट मोकळी केली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात बजावले, की होमिओपॅथाने ॲलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा आहे. तरी 2014 मध्ये कायदा बदलून होमिओपॅथांसाठी एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम आला. 2025 मध्ये त्यांच्या नोंदणीवरून राज्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेने संपाची हाक दिली. आधी हक्क, मग मापदंडावर भांडण, असाच क्रम राहिला.

मानसशास्त्रज्ञांच्या बाबतीत अमेरिकेने उलट क्रम धरून पाहिला. 1991 मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने मानसशास्त्रज्ञांना औषधे लिहायला शिकवण्याचा प्रयोग सुरू केला; 1997 पर्यंत त्यातून दहा जण तयार झाले. 1996 मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने किमान 300 तास वर्गशिक्षण आणि देखरेखीखाली 100 रुग्ण, असा आराखडा मांडला. न्यू मेक्सिकोने 2002 मध्ये कायदा करताना वर्गाचे तास 450 केले, शिवाय पहिली दोन वर्षे डॉक्टरांच्या देखरेखीची अट घातली.

एवढे तास कशासाठी, याचे उत्तर महाडमध्येच आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे सर्रास दगावत. त्यांनी एकेक रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हृदयाची लक्षणे टिपली. 1982 मध्ये ती निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन वापरले आणि गंभीर दंशातल्या मृत्यूंचे प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास उतरले. हेच प्राझोसिन मोठ्या आघातानंतर रात्री छळणाऱ्या दुःस्वप्नांवरही मानसोपचारतज्ज्ञ देतात. पहिल्या मात्रेनंतर रुग्ण एकदम उठला तर रक्तदाब खाली जाऊन तो कोसळू शकतो. एवढ्याशा गोळीमागे हृदय, मूत्रपिंडे, रुग्ण आधीपासून घेत असलेली औषधे, सगळे उभे असते. लिथियम देताना तर रक्तातली पातळी पुन्हा पुन्हा तपासावी लागते.

भारतात क्लिनिकल सायकॉलॉजीचे शिक्षण बंगळुरूला 1955 मध्ये सुरू झाले. आज त्याची मान्यता भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मानसिक आरोग्य व्यावसायिक मानले, पण कलम 106 ने कुणालाही आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचे औषध सुचवायला मनाई केली. माझ्या मते हे कलम आज योग्यच आहे. ते शिथिल करायचे असेल तर अभ्यासक्रमाचे तास, वॉर्डातले रुग्ण, प्रयोगशाळेची सोय, स्वतंत्र परीक्षा आणि चूक झाल्यास जबाबदार कोण, हे राजपत्रात आधी छापले जावे. डोंगरातल्या माणसाला दूरच्या डॉक्टरऐवजी जवळचा, पण अर्धवट शिकलेला माणूस देणे हा न्याय नव्हे. तोवर सरकारने महाड आणि पोलादपूरच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या वारी मानसोपचारतज्ज्ञ बसवावा आणि चिठ्ठीवरची औषधे तिथेच मिळतील असे पाहावे.